तिबलीसी ते काझबेगी, उजव्या स्टिअरिंगची गाडी आणि आठ ठिकाणांची चिठ्ठी

तर हे सगळं एका दिवसाचं प्रकरण आहे, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, जॉर्जिया. माझा मावसभाऊ शारजाला असतो, म्हणजे आमचा दादा, आणि आखातात राहणाऱ्या लोकांना रेसिडेन्सीवर जॉर्जियाला व्हिसा लागत नाही म्हणून तिकडची निम्मी मराठी जनता सुट्टी मिळाली की तिबलीसीला, म्हणजे तिथल्या राजधानीला, पळते. आम्ही डोंबिवलीहून ई-व्हिसा काढून तिथे जाऊन मिळालो. एकूण सहा जण, मी, बायको, आई (वय ६८, गुडघे दुखतात पण कबूल करत नाही), दादा, वहिनी आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी. ही सगळी माहिती देतोय कारण गाडीत कोण कुठे बसलं यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

बेत एकदम साधा, सकाळी नऊला निघायचं, काझबेगीला, म्हणजे रशियाच्या सीमेजवळच्या डोंगरातल्या गावाला जायचं, संध्याकाळी सातला परत. हॉटेलच्या गल्लीतल्या एका एजंटकडून गाडी ठरवली, त्याने रंगीत चिठ्ठी दिली, तिच्यावर आठ ठिकाणं. ज्वारी मठ, म्त्सखेता, झिन्वाली धरण, अनानुरी किल्ला, पसनाउरीचा संगम, मैत्री स्मारक, गेर्गेतीचं चर्च आणि शेवटी दारियाली खिंड. आम्ही खूश, आठ म्हणजे पैसे वसूल.

आता हिशोब, जो तेव्हा कोणीच केला नाही आणि रात्री परत येताना पुतणीने मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. तिबलीसीहून काझबेगी एका बाजूने साधारण १५० किलोमीटर, सगळा डोंगर, म्हणजे जाऊन-येऊन साडेसहा तास तर गाडीतच गेले. दहातून साडेसहा वजा, उरले साडेतीन. जेवणाचा एक तास काढा, अडीच. अडीच तासांत आठ ठिकाणं म्हणजे प्रत्येकाला १९ मिनिटं सुद्धा पूर्ण नाहीत. आणि आईला गाडीतून उतरायलाच चार लागतात. म्हणजे दिवस सुरू व्हायच्या आधीच चिठ्ठीत घोळ होता, पण आम्ही दिवसभर नाव घेत होतो ड्रायव्हरचं.

गाडी

गाडी आली मित्सुबिशी डेलिका. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, आपल्या जुन्या मारुती ओम्नीने जिमला जाऊन दंड कमावले तर कशी दिसेल तशी, उंच, फोर व्हील. पुढचा बंपर नाही. तिबलीसीत हे फार कॉमन आहे हो, अर्ध्या गाड्या बंपर काढून ठेवल्यासारख्या फिरतात, कारण अमेरिकेत ठोकलेल्या गाड्या लिलावात घेऊन इथे आणायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या हा त्यांचा मोठा धंदा आहे, तिबलीसीजवळ रुस्तावीला त्याचा प्रचंड बाजार भरतो. आमची मात्र जपानची होती. काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा, आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला.

उजव्या बाजूला स्टिअरिंग बघून आई म्हणाली, बरं झालं, आपल्यासारखीच आहे. मलाही क्षणभर घरचंच वाटलं. पण जॉर्जियात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि इथेच सगळी गोम आहे. आपल्याकडे ड्रायव्हर रस्त्याच्या मध्याकडे बसतो म्हणून पुढच्या ट्रकच्या बाजूने डोकावून समोरचं बघू शकतो. ह्या गाडीत ड्रायव्हर बसला कडेला, गटाराच्या बाजूला. ओव्हरटेक करायचा डावीकडून, आणि डावीकडचं त्याला काहीच दिसत नाही, ट्रकचा मागचा फाळका सोडून. समोरून काय येतंय ते बघायचं तर अख्खी गाडी समोरच्या लेनमध्ये काढायची, मग बघायचं, मग जमलं तर जायचं, नाहीतर परत आत शिरायचं. दिवसभरात आम्हाला जे "वेडा आहे हा माणूस" वाटत होतं त्यातलं निम्मं वेड ह्या बसण्याच्या जागेचं होतं.

दुसरी गंमत सरकत्या दाराची. डेलिकाचं दार डावीकडे, जपानात ती फुटपाथची बाजू. इथे ती वाहत्या रस्त्याची बाजू. म्हणजे प्रत्येक स्टॉपला आई उतरणार ती थेट ट्रॅफिकमध्ये. पहिल्या दोन ठिकाणी पार्किंग होतं म्हणून लक्षातच आलं नाही, झिन्वालीला धरणाचं पाणी बघायला कडेला थांबलो तेव्हा दार सरकवलं आणि हातभर अंतरावरून एक मिनीबस गेली, आईच्या साडीचा पदर उडाला. त्यानंतर नियम केला की आधी मी उतरणार, रस्त्यावर हात पसरून उभा राहणार, मग आई. शाळेबाहेरच्या ट्रॅफिक वॉर्डनसारखा.

तिसरं म्हणजे मागचे सीटबेल्ट. होते, पण सीट कव्हरच्या खाली गाडलेले. कोणी कधी वापरलेच नसणार. ते आम्ही शोधले जेवणाच्या वेळी, म्हणजे निम्मा घाट व्हायच्या आधी पण निम्मा रस्ता झाल्यावर. पाचातले तीन सापडले, दोन लागले. एक आईला, एक पुतणीला. हे सकाळी हॉटेलच्या दारात करायला पाहिजे होतं, दोन मिनिटांचं काम, पण सकाळी आम्ही सगळे बंपर नसलेल्या गाडीसोबत सेल्फी काढत होतो.

ड्रायव्हर

पन्नाशीचा माणूस, जाडजूड मिशा, रशियन फर्डा, इंग्रजी वीसेक शब्द. आई त्याला पहिल्या मिनिटापासून "मामा" म्हणायला लागली, आपण कसं म्हणतो, ड्रायव्हर मामा, पोलीस मामा. तो दर वेळी हसायचा. नंतर कळलं की जॉर्जियनमध्ये मामा म्हणजे वडील, आणि आईला म्हणतात देदा. म्हणजे ६८ वर्षांची बाई ५० वर्षांच्या माणसाला बाबा म्हणत होती. मग त्यानेही तिला देदा म्हणायला सुरुवात केली. दोघांचं छान जमलं.

माणूस वाईट अजिबात नव्हता हे मला नीट लिहायचंय. पण एका हातात फोन, आणि प्रत्येक चर्च दिसलं की दुसऱ्या हाताने छातीवर तीनदा क्रॉस. तिथे हे सगळेच करतात, बसमधले लोक, रस्त्यावर चालणारे, सगळे. फक्त ज्वारीपासून पुढे दर दहा मिनिटांना एखादं चर्च टेकडीवर दिसतंच, आणि त्या तीन सेकंदांत स्टिअरिंग कोणाच्या भरवशावर असतं हा प्रश्न आम्हाला पडायचा. बायको म्हणाली, देवाच्याच की.

अनानुरीच्या अलीकडे तर त्याने कमालच केली. आम्ही इंडियाचे म्हटल्यावर तो म्हणाला, "इंडिया! गोवा! केतेवान!" आणि पूर्ण मागे वळून सांगायला लागला, गाडी ऐंशीला. मला ती गोष्ट माहीत होती म्हणून अजूनच धडकी भरली कारण गोष्ट लांबलचक आहे. केतेवान ही त्यांची राणी, १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने शिराझला तिला हालहाल करून मारलं, धर्म सोडत नाही म्हणून, आणि पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला. जुन्या गोव्याला तो अर्धा पडलेला उंच मनोरा आहे ना, सेंट ऑगस्टिनचा, तिथे उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी ह्या सरकारी प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला, आणि जुलै २०२१ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तिबलीसीत जाऊन तो अवशेष जॉर्जियाला दिला. आईने तो मनोरा पाहिलाय, मंगेशीला गेलो होतो तेव्हा. तिने मागून ओरडून सांगितलं, "हो मामा, पाहिलंय, तुम्ही पुढे बघा." तो अजून खूश झाला आणि अजून मागे वळला.

जिथे उशीर झाला

आता आमची चूक. निघालोच ९.३५ ला, कारण हॉटेलात आईला चहा आपल्यासारखा उकळून पाहिजे होता. ज्वारी मठावर २० मिनिटांच्या जागी ५० मिनिटं. सहाव्या शतकातलं चर्च आहे, खाली दोन नद्या मिळतात, मत्क्वारी आणि अरागवी, त्यावर वसलेलं म्त्सखेता अख्खं दिसतं, कोण निघणार. म्त्सखेतात ४५ मिनिटं. अनानुरीला ४०, त्यातली पंधरा चुर्चखेला घेण्यात, ते अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेलं असतं, लांबून मेणबत्तीसारखं दिसतं, आणि वहिनी दुबईच्या सवयीने भाव करत होती.

पसनाउरीला जेवण. हे गाव खिंकालीसाठी नावाजलेलं, खिंकाली म्हणजे थेट आपला उकडीचा मोदक, तशाच पाकळ्या, वर शेंडी, फक्त आत मटणाचा रस्सा. शेंडी धरायची, खालून छोटा चावा घेऊन आधी रस ओढायचा, आणि शेंडी ताटात ठेवायची, म्हणजे कोणी किती खाल्ले ते मोजता येतं. आमच्यातले तीन शाकाहारी, त्यांच्यासाठी मशरूमचे सांगितले, शिवाय लोबियानी, म्हणजे राजमा भरलेली पोळी. आईने पाकळ्या मोजल्या, अठरा, आणि म्हणाली हाताला वळण आहे हं बाईच्या. सगळं ताजं करून आणतात, सव्वा तास गेला. ड्रायव्हर बाहेर सिगरेट ओढत फेऱ्या मारत होता, दर पाच मिनिटांनी काचेतून आत बघायचा. मला वाटलं जेवत का नाही हा. दादाने खूण करून आत बोलावलं तर त्याने मनगटावर टिचकी मारून दाखवली, घड्याळ नव्हतं तिथे.

तेव्हा आम्ही दोन तासांहून जास्त मागे होतो, आणि आमच्यापैकी एकालाही त्याची काळजी नव्हती. उशीर झाला तर झाला, रात्री आम्हाला काय काम. त्याला होतं, ते आम्हाला माहीत नव्हतं.

म्लेताची वळणं

पसनाउरी सोडल्यावर त्याने गाडी जी हाणली.

ह्या रस्त्याचं नाव जॉर्जियन मिलिटरी हायवे. नावात हायवे, प्रत्यक्षात दोन लेन. आणि ह्याच रस्त्यावरून रशियाला जाणारे सगळे ट्रक, कारण जॉर्जियातून रशियात जायला आता चालू असलेली जमिनीवरची सीमा एकच, लार्सची, काझबेगीच्या पुढे. बाकीचे रस्ते अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियातून जातात, ते बंद. त्यामुळे आर्मेनियाचे, तुर्कस्तानचे, रशियाचे, कझाकस्तानचे चाळीस-चाळीस टनी ट्रक आणि टूरिस्टांच्या गाड्या सगळे एकाच दोरीवर. सीमेवर गर्दी झाली की पोलीस ट्रक कडेला थांबवून ठेवतात, मैलभर रांग, आणि मग सोडले की गठ्ठ्याने सोडतात. आम्ही असल्याच एका गठ्ठ्याच्या मागे अडकलो. बोरघाट आठवा, एक्स्प्रेसवे व्हायच्या आधीचा, फक्त कठडे कमी आणि वर बर्फाचे डोंगर.

म्लेतापासून गुदाउरीपर्यंत रस्ता एकदम भिंतीवर चढल्यासारखा, वळणावर वळण. दादा पुढे डावीकडे बसलेला. तो शारजात वीस वर्षं डावीकडे बसूनच गाडी चालवतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने तो ड्रायव्हरच्या सीटवर होता, समोरचं सगळं त्याला दिसत होतं, फक्त स्टिअरिंग नाही आणि ब्रेक नाही. मी मागून बघत होतो, त्याचा उजवा पाय सारखा खाली मॅटवर दाबला जात होता.

तेवढ्यात ड्रायव्हरने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि बोटाने समोर दाखवलं. जाऊ? दादाला आधी कळेना. मग लक्षात आलं की हा विचारतोय समोरून कोणी येतंय का. म्हणजे आता दादा त्याचा डोळा. इथे खरं तर काम सोपं व्हायला पाहिजे होतं.

पण जॉर्जियनमध्ये होकाराला तीन शब्द आहेत. दिआख, की, आणि हो. हो! अगदी आपलाच हो. आणि आमच्या गाडीत मागे दोन मराठी बायका. एका आर्मेनियन ट्रकच्या मागे आम्ही चिकटलेलो, दादा मान डावीकडे काढून बघतोय, समोरच्या वळणातून पांढरी मिनीबस निघाली, ती दादाच्याही आधी बायकोने पाहिली आणि किंचाळली, "अहो! अहो! अहो!" म्हणजे मला. आणि वहिनी दादाला, "अहो, बघा ना!"

ड्रायव्हरला काय ऐकू गेलं? हो, हो, हो, हो.

गेला की तो. गाडी बाहेर काढली, गिअर पाडला, इंजिन ओरडलं, समोर मिनीबस, तिचे दिवे दोनदा चमकले, दादा "नो नो नो" आणि मी काहीतरी ओरडतोय ते मला आठवत नाही, आर्मेनियन ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून पुढे फट झाली, तिच्यात आम्ही घुसलो. मिनीबस हॉर्न देत गेली. सगळं मिळून पाचेक सेकंद. आई इतका वेळ डोळे मिटून स्वामींचं नाव घेत होती, तिने डोळे उघडून विचारलं, झालं का?

पुतणी म्हणाली, "काकू, तुम्ही अहो म्हणू नका, त्यांना तो हो ऐकू येतो." तिने सकाळी हॉटेलात बसून जॉर्जियन शब्द पाठ केले होते, त्याचा हा उपयोग. तिनेच मग दुसरा शब्द दिला, "नेला". नेला म्हणजे सावकाश. तिथून पुढे आम्ही सगळे एका सुरात नेला नेला करायला लागलो, आई तर जपच.

त्याने ऐकलं? ऐकलं, दहा मिनिटं. मग परत तेच. "प्रॉब्लेम नो, ट्वेंटी इयर ड्रायवर." आपल्याकडच्या कुठल्याही घाटात जीपवाल्याला हळू घे म्हटलं की तोही हेच म्हणतो, रोजचा रस्ता आहे साहेब.

स्मारकावरची बोलणी

गुदाउरीच्या वर जे मैत्री स्मारक आहे तिथे चारनंतर पोचलो. दरीच्या काठावर मोठी अर्धगोल भिंत, आतून रंगीत टाइल्सची चित्रं. १९८३ मध्ये बांधलं, रशिया आणि जॉर्जियातल्या १७८३ च्या गेओर्गिएव्स्क तहाला दोनशे वर्षं झाली म्हणून. तहात रशियाने रक्षणाचं वचन दिलं, १७९५ मध्ये इराण्यांनी तिबलीसी जाळलं तेव्हा मदत काही आली नाही, आणि १८०१ मध्ये रशियाने राज्यच खिशात टाकलं. त्या मैत्रीचं स्मारक. दादा म्हणाला, आपणही इथे ड्रायव्हरशी तह करूया, बघू टिकतो का.

बायका खाली दरी बघायला गेल्या, आम्ही दोघं ड्रायव्हरजवळ थांबलो. मी तावातावाने बोलायच्या मूडमध्ये होतो, एजंटला फोन लावतो, पैसे देणार नाही वगैरे. दादाने मला गप्प केलं. त्याने फोनमध्ये मराठीत नाही, साध्या इंग्रजीत टाइप केलं आणि रशियन भाषांतर ड्रायव्हरला दाखवलं. पहिला प्रश्न एकच: तुम्हाला घाई कशाची आहे?

आणि उत्तर निघालं. रात्री साडेआठला त्याला विमानतळावर दुसरे पाहुणे घ्यायचे होते. एजंटनेच दिलेलं काम. आम्हाला सातला सोडायचं, मग विमानतळ, हिशोब बरोबर होता. चुकलं तर ते भाडं गेलंच, वर एजंट पुढचं काम देणार नाही. आणि चिठ्ठीवरचं एखादं ठिकाण गाळलं तर आम्ही तक्रार करणार, मग त्याचे पैसे कापणार. म्हणजे त्याच्याकडे कमी करण्यासारखी एकच गोष्ट होती, रस्त्यावरचा वेळ. मठावर फोटो काढले आम्ही, त्याचं बिल म्लेताच्या वळणावर फाटलं.

हे कळल्यावर पुढचं सोपं होतं, पंधरा मिनिटांत झालं. दादाने एजंटला फोन केला, आवाज न चढवता सांगितलं की आम्ही दहाच्या आधी येत नाही, विमानतळाला दुसरी गाडी पाठवा, आमची काही तक्रार नाही. एजंट आधी कुरकुरला, मग तयार झाला. ड्रायव्हरचं बुडणारं भाडं पन्नास लारी, म्हणजे तेव्हाचे साधारण दीड हजार रुपये, ते आम्ही देतो म्हटलं. चिठ्ठीवर दारियाली खिंडीवर त्याच्यासमोर काट मारली. आणि ओव्हरटेकचं ठरवलं: दादाने मूठ दाखवली तर थांबायचं, पंजा दाखवला तर जायचं, तोंडी कोणीच काही बोलणार नाही. बायकांना अहो बंद.

मी तेव्हा म्हटलं होतं की चूक त्याची आणि वर पैसे आपण का द्यायचे. दादाने माझ्याकडे बघितलं फक्त. आता मला त्याचं पटतं, तेव्हा नव्हतं पटलं, जरा फणकाऱ्यातच होतो मी संध्याकाळपर्यंत.

नंतरचा माणूस

खरं सांगतो, तोच माणूस, तीच डेलिका, तोच रस्ता, पण ज्वारी खिंड (नाव मठाचंच, पण ही वर घाटात) त्याने अशी ओलांडली की जणू स्वतःच्या आईला देवदर्शनाला नेतोय. खिंड २,३७९ मीटर, त्याच्या पलीकडे कडेला खनिज पाण्याने डोंगर नारिंगी रंगलाय, तिथे तो स्वतःहून थांबला, हे चिठ्ठीत नव्हतंच. स्वतः आधी उतरला आणि रस्त्यावर हात पसरून उभा राहिला, माझ्यासारखा. सकाळपासून बघत होता वाटतं.

रस्त्याच्या बाजूला जुने हिमकडे अडवणारे बोगदे आहेत, सोव्हिएत काळातले, अंधारे, आत पाणी गळतं. तेव्हा इथे क्वेशेती ते कोबी नव्या रस्त्याचं काम चालू होतं, त्यात सुमारे ९ किलोमीटरचा बोगदा, काम चिनी कंपनीकडे, तो रस्ता झाला की ट्रक ही खिंड चढणार नाहीत असा बेत. ड्रायव्हरने डंपर दाखवून ओठ वाकडे केले. बहुतेक त्याला वाटत असावं की मग टूरिस्टसुद्धा खालूनच जातील.

कोबीच्या आसपास मेंढ्या आल्या. शेकडो. ऑक्टोबरात कळप डोंगरावरून खाली हिवाळ्याच्या कुरणांकडे निघतात, याच रस्त्याने, दुसरा रस्ताच नाही. पुढे दाढीवाला मेंढपाळ घोड्यावर, मागे अंगाने वासराएवढी कुत्री. सगळा हायवे ठप्प. ट्रक बंद, गाड्या बंद, कोणी हॉर्न देत नाही. पंचवीस मिनिटं आम्ही लोकरीच्या पुरात उभे, मेंढ्या गाडीला अंग घासत जात होत्या, डेलिका हलत होती. ड्रायव्हरने खिडकी खाली करून मेंढपाळाला सिगरेट दिली, दोघं गप्पा मारत बसले. दुपारी हेच झालं असतं तर त्याने काय केलं असतं मला माहीत नाही.

गेर्गेतीला पोचलो तेव्हा सहा वाजून गेलेले. चर्च चौदाव्या शतकातलं, २,१७० मीटरवर, एकटंच कड्यावर. तिबलीसीवर संकट आलं की म्त्सखेताची मौल्यवान पूजाद्रव्यं इथे आणून लपवायचे, जॉर्जियात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोचा क्रॉससुद्धा. वरपर्यंत आता पक्का रस्ता आहे. आम्ही पाठीमागे वळलो आणि काझबेक शिखर, ५,०५४ मीटर, दिवसभर ढगात होता, तो शेवटची दहा मिनिटं उघडा पडला, वरचा भाग फक्त केशरी. चिठ्ठीप्रमाणे आलो असतो तर साडेतीनला येऊन ढग बघून गेलो असतो. आई पायऱ्यांवर बसून राहिली, तिला उठवायला ड्रायव्हरच गेला.

परतीचा घाट अंधारात, हा मात्र आमच्या तहाचा भोक पडलेला भाग. दिवसाची घाई सोडवली पण त्यामुळे रात्र पदरात आली, हे दादाच्याही लक्षात आलं नव्हतं. समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला दिवे मारत होती. आधी वाटलं पुढे पोलीस आहेत, तिथे लोक एकमेकांना तसं सावध करतात. मग दादाने सांगितलं, ह्या जपानी गाडीचे हेडलाइट डावीकडे जास्त प्रकाश टाकायला बनवलेत, तिकडे ती कडेची बाजू, इथे ती समोरच्याच्या डोळ्यात. म्हणजे आम्ही दीडशे किलोमीटर प्रत्येकाला आंधळं करत आलो. खिंडीत धुकं लागलं तेव्हा त्याने एका रशियन ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांना धरलं आणि गुदाउरीपर्यंत सोडलं नाही, वीसच्या स्पीडने. एकदा रस्ता मोकळा दिसला तेव्हा दादाने पंजा दाखवला. ड्रायव्हरने मान हलवली, "नेला."

सव्वादहाला हॉटेल. पन्नास लारी दादाने दिले, वर वहिनीने अनानुरीला भाव करून घेतलेल्या चुर्चखेलातल्या दोन. आईने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि त्याला टिळा लावला, त्याने डोळे मिटून घेतले आणि क्रॉस केला, तीनदा.

दुसऱ्या दिवशी काखेतीला जायचं होतं, सिघनाघीला, वाईनचा मुलूख. सकाळी एजंट नवीन चिठ्ठी घेऊन हॉटेलात हजर, तशीच रंगीत, ह्या वेळी नऊ ठिकाणं. आम्ही कोणी काही बोलायच्या आत आईने चष्मा लावला, पुतणीकडे पेन मागितलं आणि विचारलं, "ह्यातलं चढ नसलेलं कुठलं?" पाच खोडली, आणि खाली मराठीत लिहिलं, मामा कालचेच.